निवळी

आठवीचा वर्ग. लामू बेट. खिडकीखाली गाढवं,
धक्क्यावर मोंबासाहून उतरलेल्या सिमेंटच्या गोण्या.
मी फळ्यावर लिहितो: चुनखडी.
हातातला खडू मात्र जिप्समचा.
चुलत भाऊ म्हणा तिचा, कॅल्शियम तेच, घर वेगळं.
कासिमच्या मोडक्या हाताला बांधलंय ते प्लास्टरही
त्याच घरातलं; मुलींनी त्यावर
निळ्या शाईने मासे काढलेत.

बाबांना सूत्रं येत नव्हती.
मांडा बेटावरून ते होडीभर पोवळ्याचा दगड आणायचे,
तिवराच्या ओंडक्यांची गोल रास रचायचे,
वर दगड मांडायचे, आणि वारा पडायची
वाट बघत विडी ओढायचे.
भट्टी रात्रभर जळायची.
सकाळी दगड उचलावा तर हलका,
जवळजवळ निम्म्या वजनाचा.
‘बाकीचा कुठे गेला?’ मी विचारायचो.
‘श्वास टाकला त्याने,’ ते म्हणायचे.

मग खड्डा, मग पाणी.
कळीचा चुना विरताना पाहिलाय तुम्ही?
आग नाही, सरपण नाही, आणि पाणी उकळतं.
त्यातलाच एक शिंतोडा उडाला उजव्या डोळ्यात.
तो डोळा पुढे कायम
शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा राहिला.
आई सांगते, ओरडले नाहीत.
इतकंच विचारलं, ‘खड्डा झाकला का कुणी?
पोरं खेळतात तिथे.’

तेव्हा मी दुधाने तोंड पोळलेला माणूस.
वर्गात संरक्षक चष्मे सहा,
मुलं एकतीस. पाळीपाळीने.

‘आता नळीतून निवळीत फुंका. हळू.’
नितळ पाणी गढुळतं, पांढरं होतं.
‘सर, दूध!’
दूध नव्हे रे. दगडच आहे तो,
तुमचा श्वास लागला तसा परत आलेला.
भिंतीचंही असंच.
लिंपताना लोण्यासारखी मऊ,
मग खोलीतल्या माणसांच्या उच्छ्वासांतून
थोडं थोडं उचलत
वर्षानुवर्षं दगड होत जाणारी.
आमच्या बैठकीच्या भिंतीत
आजीचा खोकला असणार, दोन मोठी भांडणं,
रमजानच्या रात्रीतल्या जांभया,
बाबांचं घोरणं.
हे मी शिकवत नाही. परीक्षेला नसतं.

घंटा होते. म्वानामिझे थांबत नाही.
गाल फुगवून फुंकतेय, फुंकतेय,
आणि दूध विरत जातं,
पाणी पुन्हा नितळ.
‘बिघडवलंस!’ कासिम ओरडतो.
ती नळी दातांत धरून माझ्याकडे बघते.

बिघडलं नाही.
श्वास गरजेपेक्षा जास्त झाला
की दगडही विरघळतो.
आपल्या विहिरीचं पाणी असंच,
दिसायला साधं, पोटात बेट घेऊन येतं.
‘मग तो गेला कुठे, सर?’
हा प्रश्न मी ओळखतो.
‘घरी चहाची किटली बघ,’ म्हणतो, ‘तळाशी.’

दुसऱ्या दिवशी ती येते
वर्तमानपत्राच्या पुडीत पांढरी खपली घेऊन,
टिचभर, दातासारखी.
आणि अर्धं लिंबू.
‘आई किटली याने घासते.’
बाकावर खपली ठेवते, लिंबू धरते.
सगळा वर्ग कान लावून वाकतो.

‘चष्मा,’ मी म्हणतो.
‘लिंबाला?’ ती विचारते.