बाटलीहिरवा

शेवटचा टाका आधीच्या टाक्यावरून उडी मारून गेला
आणि सुई रिकामी झाली.
साडेतीन महिने जिच्यावर कायम कुणीतरी बसलेलं असायचं
ती आता नुसती काडी.
धागा कापला, चार बोटं शेपूट ठेवलं, आत दडवलं.
पंखा पाचावर, तरी तळहात ओले;
लोकर चिकटू नये म्हणून पावडर चोळून चोळून
माझ्या बोटांना तान्ह्या बाळाचा वास.

चोडणात, मे महिन्यात, पूर्ण बाह्यांचा स्वेटर.
तो फिलोमेनाच्या आग्नेलचा. स्विंडनला गोदामात रात्रपाळी करतो.
माप फोनवर घेतलं: त्यानं छातीभोवती दोरी गुंडाळली,
दोरी पट्टीला लावली, आकडा सांगितला.
मी त्यात दोन इंच माझ्या मनानं वाढवले,
कारण पोरं फोनवर बारीकच सांगतात.

बघावा म्हणून अंगात घातला.
आरशात एक बाई, हनुवटीपर्यंत बाटलीहिरवी,
कपाळावरून धारा.
पोदेराचा पों-पों ऐकून तशीच दारात गेले.
पाव मोजता मोजता तो थांबला.
"बाय, बरें ना?"

फिलोमेनानं आधी आतली बाजू पाहिली.
गाठी चाचपल्या, मुंड्याची शिवण ओढून बघितली,
मग नाकाला लावला.
बराच वेळ तिथंच धरला.
"आनी आतां कितें?" म्हणाली.

आता काय.
नणंदेला वॉशिंग मशीनवर झालरीचं झाकण हवंय.
शाळेत माझ्या जागी आलेल्या मुलीला नोव्हेंबरात बाळ होईल,
तिला टोपडं.
उरलाय पाऊण गुंडा हिरवा,
त्यात फार तर एक मोजा. एकाच पायाचा.
नमुन्यांच्या पुस्तकात बर्फातली हरणं आहेत.
बर्फ नाही पाहिलं, हरणं म्हणजे बोंडल्याची,
जाळीमागची, कंटाळलेली.
दुपारी भेंडी चिरताना लक्षात आलं,
मी दोन सुलट, दोन उलट मोजतेय.

लोकरीचा डबा ठेवायला कपाट उघडलं
तर मागच्या कोपऱ्यात बाबांची बांबूची चपटी सुई.
टोकाला दातांच्या खुणा.
बाबा मानशीवर पागेर मारायचे.
जाळंही स्वतःच विणायचे, ओट्यावर, खिळ्याला अडकवून,
वरून थोड्या घरांनी सुरू करून
खाली रुंद, रुंद करत.
सुईत धागा भरून द्यायचं काम माझं.
शिकायचं काम भावाचं.
तो आता पर्वरीला राहतो आणि इसवण फोनवर मागवतो.
मला कुणी नको म्हटलं नव्हतं.
ये असंही नव्हतं म्हटलं.

सकाळी धक्क्यावर पुंडलीक पाग्याला गाठलं.
किती घरांपासून सुरू करायचं?
तो म्हणाला, कुणासाठी?
मी म्हटलं, ठरलं नाही.
"मग शिसं किती लावणार?"
खोल पाण्याला जास्त, मानशीला कमी,
मारणाऱ्याचा खांदा कसा त्यावर बाकीचं.
लोकरीनं मला हा प्रश्न कधी विचारला नव्हता.
मी डाव्या हातानं उजवा खांदा दाबून बघितला,
तिथंच, सगळ्यांसमोर.

फेरीबोट लागली. तो चढला,
सायकली, दुधाचे कॅन, दोन लग्नाची माणसं,
आणि कठड्यावरून काहीतरी ओरडला.
बावीस की बेचाळीस,
इंजिनात कळलं नाही.

मी बत्तीस घातली.
लोकरीत चुकलं तर उसवता येतं.
नायलॉनच्या गाठीचं अजून माहीत नाही.