पासंग

मंगळबाजारातल्या माझ्या दुकानात
वजनं येतात झिजून.
पाच किलोचं लोखंड वापरून वापरून
चिमूटभर हलकं होतं, घेणाऱ्याला कळत नाही,
देणारा बोलत नाही.
मी त्याच्या पोटात शिसं ओततो,
मग सरकारी माणूस शिक्का मारतो.
एवढंच माझं शिक्षण.

काल शाल्मलीने काउंटरवर दोन कागद ठेवले.
म्हणाली, बाबा, जोखून द्या.

एक इथला. साडेपाच वर्षं,
सयाजी हॉस्पिटलचं मागचं फाटक,
घरचा डबा, आणि कॉरिडॉरमध्ये भेटेल ती सिस्टर
आईची मैत्रीण.

दुसरा समुद्रापलीकडचा.
तिथे म्हणे आधी चार वर्षं
काहीही शिकतात, माती, संगीत, मेलेल्या भाषा,
मग चार वर्षं डॉक्टरी.
पण ह्या कागदाने दोन्ही एकाला एक शिवलेत.
आठाचे सात.
बारावीच्या पोरीला आजच खुर्ची राखून,
आणि खाली, मुंगीएवढ्या अक्षरात,
मार्क घसरले तर खुर्ची परत.

अलकापुरीतले दर्शनभाई, जे ह्याच सल्ल्याचे पैसे घेतात,
म्हणाले, ‘काका, आखुं एक वरस बचे छे!’
स्कूटरवर घरी येईपर्यंत मी तेच घोळवत होतो.
वाचलेलं वर्ष ठेवतात कुठे?
म्हातारपणी काढून मिळतं का,
एखाद्या रिकाम्या मंगळवारी, सुट्टं करून?

वैजयंतीने सत्तावीस वर्षं नाइट ड्यूटी केली आहे.
पोळी उलटता उलटता म्हणाली,
धावत डॉक्टर झालेला मी पाहिलाय
आणि रमतगमत झालेलाही.
पहाटे तीनला दोघांचे हात सारखेच थरथरतात.
एकाला फक्त माहीत असतं
आपण दुसरं काय होऊ शकलो असतो.
मी विचारलं, मग ते बरं की वाईट?
पोळी करपली.

दहा वर्षांची असताना ही पोरगी
विश्वामित्रीच्या पुलावर लोंबकळून मगरी मोजायची.
वही होती तिची. तारीख, वेळ, शेपटी दिसली की डोकं.
एका पानावर नुसतंच: ‘आज कोणी नाही. थांबले.’
ती वही कुठल्या कागदात बसते,
साताच्या की आठाच्या,
दर्शनभाईंना विचारायचं राहिलं.

फीचा आकडा मी बोललो नाही.
दुकान विकलं तर दीड वर्ष निघेल.
बाकीचं माझ्या आयुष्याच्या पासंगालाही पुरत नाही.

रात्री शटर अर्धं ओढून
तिने जुना पितळी तराजू खाली काढला.
आधी रिकामी पारडी टांगली,
डावं किंचित झुकत होतं,
उजवीकडे तिने काडेपेटीतल्या दोन काड्या टाकल्या.
(हे मीच शिकवलं होतं, ती सहा वर्षांची असताना.
माल चढवण्याआधी रिकाम्याचा खोटेपणा काढायचा.)
मग एकीकडे इथला कागद, एकीकडे तिथला.
दोन्ही कागदांना कसलं आलंय वजन.
पंख्याच्या वाऱ्यावर काटा नुसता
हो-नाही, हो-नाही.

आम्ही पंखा बंद केला. वाट पाहिली.
घाम आला.
बाहेर कोणीतरी सेवउसळवाल्याशी
तरीवरून भांडत होतं.

‘बाबा,’ ती म्हणाली, ‘अंगठा.’

मी पाहिलं. डाव्या पारड्याच्या कडेवर,
घरच्या डब्याच्या, मागच्या फाटकाच्या बाजूला,
माझा अंगठा होता.
कधी ठेवला, देवाशपथ आठवत नाही.
चाळीस वर्षं मी दुसऱ्यांचे अंगठे पकडले.

काढला.
पारडं थोडं वर गेलं. फार नाही.
तिने काही लिहून घेतलं नाही,
कागद घडी करून खिशात घातले
आणि म्हणाली, भूक लागली.

जेवताना माझ्या बोटाला
पितळेचा वास येत होता.
दोनदा साबण लावला तरी.