सहावं पान

सात पानं काढायला सांगितली होती सरांनी.
दर्शिका वेळीप, दहावी ब.
मोबाईल तिच्याच हातून उघडून घेतला केबिनमध्ये,
पॅटर्न काढताना बोट दोनदा चुकलं तिचं,
मग केबल लावून माझ्या टेबलावर ठेवला.
"आमोणकर बाई, सगळं काढा."

सगळं म्हणजे कुठपर्यंत, ते ठरलं नव्हतं.

पहिल्या पानावर तो स्टेटस :
मागच्या व्हरांड्यातला फिल्टर,
तोटीला कोळ्याचं जाळं,
वर पाटी, शुद्ध पेयजल, देणगीदाराचं नाव ठळक,
आणि खाली तिची ओळ,
'उदक ना. पूण बोर्ड आसा.'
मला हसू आलं.
प्रिंटरच्या खडखडाटात ते खपून गेलं.
चवथीपासून अख्ख्या सांग्याला ठाऊक आहे हे.
मीसुद्धा घरून बाटली आणते.

दुसरं, तिसरं, हसरे चेहरे कुणी कुणी टाकले.
सरांना नावं हवी होती.
पुढं मैत्रिणीशी बोलणं, गणिताचा पेपर,
सरांच्या टकलावर अर्धं वाक्य.

सहावं आईला होतं.
आई कुवेतला, कुणाची तरी मुलं सांभाळते.
रात्री पावणेबाराला लिहिलेलं.
काय, ते इथे सांगणार नाही.
त्यात फिल्टर नव्हता, शाळाही नव्हती.

सातव्यावर नुसती वेळ, आणि बॅटरी चौदा टक्के.

प्रिंटरमधून कागद गरम येतो बाहेर.
तो तसाच गरम, चार घड्या घालून
डब्याच्या पिशवीत सरकवला.
सरांनी मोजली. "सहाच?"
"कार्ट्रिज संपलं."
एकवीस वर्षांच्या नोकरीतलं पहिलं खोटं,
तेही हजेरीपटावर हात ठेवून.

संध्याकाळी न्हाणीच्या चुलीत घातला.
जळल्यावरही अक्षरं थोडा वेळ दिसतात,
काळ्यावर करडी.
मी काठीने राख मोडली.

तिने माफीपत्र लिहिलं. अक्षर देखणं,
'शाळेची बदनामी' तेवढं
फळ्यावरून उतरवल्यासारखं.
आठवड्याने पाटी काढली व्हरांड्यातली.
पाण्याचं अजून कुणी बोललेलं नाही.

सोमवारी खिडकीशी आली,
कदंबाच्या पासावर शिक्का हवा होता.
नखं मुळापर्यंत कुरतडलेली.
तिचं नाव मला पाठ, रोल नंबरही,
रात्री किती वाजेपर्यंत जागी असते तेसुद्धा.
रजिस्टर उघडलं, पेनाचं टोपण काढलं,
आणि वर न बघता विचारलं,
"नाव काय गो तुझं?"