पूर्व कुठे मांडायची

मी दाराबाहेरचा माणूस.
हातात तलवार, तिला धार कधी लावलीच नाही,
खिशात पेपरमिंट.
आत काय चालतं ते मला पाठ आहे,
पण तेहेतीस वर्षं मी ते ऐकलंय लाकडातून.
तेव्हा लॉजच्या खोल्यांचं मला विचारू नका.
दारांचं विचारा.

पहिलं दार मी पाहिलेलं नाही. वहीत आहे :
सतराशे एकोणसत्तर, विधवा इझोबेल रेनीच्या गुत्त्यावरचा माळा,
भाडं सभेमागे दोन शिलिंग, मेणबत्त्या ज्याच्या त्याने आणाव्यात.
खांब नव्हते, काळे-पांढरे चौक नव्हते.
फळ्यांवर खडूने आखायचे सगळं मंदिर,
पायऱ्या, सूर्य, चंद्र, गुण्या, कंपास,
आणि सभा उठली की सगळ्यांत नवा भाऊ
बादली-फडकं घेऊन गुडघ्यांवर.
खाली खलाशी बिअर पीत बसलेले.
फटींतून त्यांच्या पेल्यांत
थेंब-दोन थेंब मंदिर पडत असणार.

मग शिडं शिवायचा माळा.
तिथे एका जुन्या शिडावरच कुणी ते रंगवून टाकलं,
पुसायची कटकट गेली.
गुंडाळायचं, काखेत मारायचं, निघायचं.
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, आमचं काखेत.

मग हेरिंग खारवायच्या शेडवर अकरा वर्षं.
बंधू मोवॅट यांनी विनंती केली की खिडक्या उघडाव्यात.
गुप्ततेच्या कारणास्तव विनंती नामंजूर.
पुढल्या पानावर बंधू मोवॅट गैरहजर.
त्याच्याही पुढल्या.

आणि मग आमचं स्वतःचं दार.
ओक, चार बोटं जाड, डोळ्याइतकं भोक.
ग्रॅनाइटच्या भिंती, छताला सोनेरी तारे,
वर्गणीदारांच्या पाटीवर एकशे चाळीस नावं,
त्यांत खालून सहावे माझे पणजोबा.
या दाराशी मी एकवीस हिवाळे उभा राहिलो.
माझ्या खांद्याचा डाग पडलाय त्याच्या चौकटीला.
आधी बोटी कमी झाल्या,
मग टोप्या ठेवायच्या खुंट्या रिकाम्या राहायला लागल्या,
मग छत गळायला लागलं, नेमकं ताऱ्यांतून.

घेतलं ते ॲबर्डीनच्या एका गालिचेवाल्याने.
चांगला माणूस. किल्ल्या घेताना त्याने विचारलं,
त्या टोकाला तीन पायऱ्या कशाला?
मी म्हटलं, ती पूर्व.
त्याने फोन काढला, गोल फिरला, म्हणाला,
अहो, ही तर वायव्य.
मी म्हटलं, खुर्ची ठेवली की पूर्व होते.
तो हसला नाही. खुर्ची उचलायला
त्याने दुसरी बाजू धरली.

आता महिन्यातून दोन गुरुवार
बोल्स क्लबची मागची खोली.
दार काचेचं. आम्ही त्यावर तपकिरी कागद लावतो,
जाताना काढतो, चिकटपट्टी जपून.
तलवार छत्र्यांच्या स्टँडमध्ये.
पलीकडे किटली शिट्टी घालते
आणि झाडूवाली कट्रिओना विचारते,
अजून किती वेळ, आजोबा?
मी म्हणतो, पूर्वेला विचारावं लागेल.

नोव्हेंबरात सात जण आले.
शिडाच्या कापडाला बुरशी धरलेली,
ते दुरुस्तीला गेलेलं.
मी कागदाच्या कडेची फट बुजवत होतो तेव्हा
डार्ट्सच्या फळ्याजवळचा खडू कुणीतरी उचलला,
आणि लाकडातून नाही, काचेतून,
मी ऐकलं ते खरखरणं,
मध्ये थांबणं,
फार्कर साहेबांचं, वय एक्याऐंशी,
'चंद्र जरा डावीकडे घ्या' म्हणणं.

मग नेहमीचं सगळं.
मग खुर्च्या सरकल्या.
मग कुणाचे तरी गुडघे कुरकुरले,
सगळ्यांत नवा भाऊ सहासष्टचा आहे,
आणि बादलीची कडी वाजली.

दाराखालून थोडं पाणी बाहेर आलं, पांढुरकं.
मी तिथेच उभा होतो,
जागच्या जागी.
बूट मागे घेतले नाहीत.