मंगळवारचा कौल

अपामच्या किनाऱ्यावर मंगळवारी कोणी जाळं टाकत नाही.
समुद्राची सुट्टी; ख्रिस्ताचं नाव इथे पोचलं त्याच्याही आधीची,
आणि पाळकांनीही ती मोडली नाही.
होड्या वाळूवर पोट टेकून पडलेल्या,
प्रत्येकीच्या कुशीवर रंगवलेलं एकेक वाक्य:
"घाई कुणाला?" "शत्रूलाही भाकर मिळो."
आमच्या होडीवर फक्त "त्यालाच ठाऊक."
नवऱ्याने रंगवलं होतं. अक्षर वाकडं,
माणूस सरळ होता.

मंगळवारी जन्मला, म्हणून कोबिना.
आज तो पालथ्या टोपलीवर बसलाय,
अंगठ्याने मोबाईल घासतोय,
मी भट्टीवरची जाळी घासते तसा, काजळी निघेपर्यंत.
बेल्जियमच्या कुठल्याशा गावचे अकरा जण
आज रात्री जिंकतील की नाही
यावर त्याने इंजिनाच्या तेलाचे पैसे लावलेत.
तिथल्या गोलरक्षकाचा गुडघा दुखतोय, हे त्याला माहीत आहे.
माझा दोन महिने दुखतोय.

रविवारी पाळक म्हणाले, मूर्ती आता लाकडाच्या राहिल्या नाहीत,
त्या खिशात मावतात, रात्री चार्ज होतात.
सगळ्या बायका माना डोलावत आपापल्या पोरांकडे बघत होत्या.
मीही बघितलं.
बघताना कमरेच्या गाठीत वही टोचत होती:
कोणाकडे किती टोपल्या उधार, कुणी कधीपासून थकवलेत,
मान्साच्या नावापुढे एकशेचाळीस सेडी,
तिचा मुलगा बुडाला त्या आठवड्यापासून.
ती वही मी उशाशी घेऊन झोपते.
शास्त्र फळीवर असतं.

तर आज पहाटे मी देवाला विचारलं:
इंजिन विकू का? पोराला आक्राला मामाकडे धाडू का?
विचारलं खरं, पण वाट कोण बघतं!
डोळे मिटले, शास्त्र उघडलं, बोट ठेवलं.
कौलच लावला म्हणा.
पणजी माझी कवड्या फेकायची,
मी पानं फेकली, एवढाच फरक.

बोट पडलं नावांच्या यादीवर.
अमक्याला तमका झाला, तमक्याला आणखी कोणी,
पानभर बाप आणि पानभर मुलगे,
एकही "जा" नाही, एकही "थांब" नाही.
पुन्हा ठेवलं. तंबूच्या पडद्यांची मापं.
तिसऱ्यांदा ठेवणार, तेवढ्यात
बाहेर कोबिनाचा मोबाईल टिंग वाजला
आणि मला माझंच बोट दिसलं,
हवेत, तसंच वाकलेलं,
जिंकायला बसलेलं.

किती वेळ गेला कोण जाणे. भट्टी निवली.
आवाज आला नाही. स्वप्न नाही, पाखरू नाही.
मग मी ती नावंच पुन्हा वाचली, मोठ्याने, अडखळत.
कुणीतरी ती सगळी लिहून ठेवली होती,
एकही गाळलं नव्हतं,
आणि कुणाच्याच पुढे रक्कम नव्हती.

वही भट्टीत टाकली असं सांगितलं तर खोटं होईल.
मान्साचा आकडा तेवढा खोडला. नाव राहू दिलं.
हात थरथरला, एकशेचाळीस म्हणजे थोडे नाहीत.

दुपारी कोबिनाच्या शेजारी वाळूत जाऊन बसले.
गुडघा कटकन वाजला, त्याने वर पाहिलं.
"त्या गोलरक्षकाचं नाव काय रे?"
आधी संशयाने बघत राहिला, मग सांगितलं.
लांबलचक नाव. माझी जीभ वळेना,
मी तिसऱ्यांदा म्हणून पाहिलं तेव्हा तो हसला,
बापासारखा, वरचा ओठ आधी.
मोबाईल मांडीवर पालथा.

इंजिनाचं काय करायचं ते अजून उमगलेलं नाही.
उद्या बुधवार.
तेल नाही.
वल्ही आहेत.