पोटकलम ब

केप्याच्या कोर्टासमोर, बदामाखाली,
सत्तावीस वर्षं माझा टाइपरायटर.
मेजर भोबे उजवा कान माझ्याकडे करून मजकूर सांगत.
डावा त्यांनी एकाहत्तरच्या डिसेंबरात
सीमेपलीकडच्या उसात सोडला होता.

सुरुंगांची गोष्ट चहा पार गार झाल्यावरच निघे:
पेरताना नकाशा काढायचा, पावलं मोजून.
लढाई संपली की ज्यानं पेरले त्यानंच काढायचे,
दुसऱ्याला धाडायचं नाही.
एक नकाशा भिजला होता.
त्यापुढे ते सांगत नसत.
मीही विचारलं नाही. पानामागे पैसे घेणारी बाई मी.

मग कुठल्याशा पार्टीला एक स्वच्छ माणूस हवा झाला.
एकसष्ट मतांनी आले.
मिरवणुकीच्या जीपमध्ये ताठ बसले होते,
फटाक्यांच्या माळेला दचकले, ते मीच पाहिलं.

पाच वर्षं पर्वरी.
कुशावतीवरच्या साकवाचा प्रश्न
मी एकोणीस वेळा टाइप केला.
उत्तर: विचाराधीन.
आणि एका शुक्रवारी, अधिवेशन उठता उठता,
अकरा मिनिटांत चार विधेयकं.
हात वर करा म्हणाले, यांनी केला.

पुढल्या खेपेला पडले.
सोमवारी पुन्हा बदामाखाली, तोच काळा कोट.
"बाये, कागद लाव."

सेवेरिना बार्रेतो. मुंडकार. भाटकाराच्या माडांत तीन खोल्या,
घरपट्टीची पावती नवऱ्याच्या आज्याच्या नावे, पोर्तुगीजमधली.
भाट आता दिल्लीच्या कुणाचं.
पोटकलम ब सांगत होतं,
नव्वद दिवसांत नोंद नाही, तर हक्क नाही.

न्यायाधीश तरुण. सहजच विचारलं असेल:
"वकीलसाहेब, आपण तेव्हा सभागृहात होता ना?
विधिमंडळाचा हेतू काय होता?"

पंखा कुरकुरत होता. मी दारात, बोटांना कार्बन.
त्यांनी चांगला कान पुढे केला,
प्रश्न पुन्हा विचारून घेतला,
म्हणाले,
"मी वाचलं नव्हतं.
नोंद करून घ्यावी."

समोरचा वकील हसू लागला आणि मधेच थांबला.

हरलो. निकालात लिहिलं होतं,
हेतू कायद्याच्या अक्षरात शोधावा,
कुणाच्या पश्चात्तापात नाही.
मग पणजी, अपील, कदंबाची सकाळची बस,
फी म्हणून दर तारखेला एक नीरफणस,
तो ते माझ्या पिशवीत टाकत. तळून खा, म्हणत.

गेल्या श्रावणात गेले. कपाट मी आवरलं.
गणवेशाची बटणं एका बरणीत, सुपारीसारखी.
खाली आलेखाच्या कागदावर सेवेरिनाचं घर:
बावीपासून उंबरा एकेचाळीस पावलं,
उंबऱ्यापासून चूल नऊ,
वाकडा माड, कुंपण, खूण, खूण.
प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. कोरडा.

पुढची तारीख चौदा.
नवा वकील पोरगा आहे, घाईत चालतो.
त्याला आधी हा कागद दाखवीन.