पाल वेंडा

सराफ्यात रात्री अकराला
दागिन्यांची दुकानं शटर ओढून निजली की
त्यांच्याच पायऱ्यांपुढे कढया पेटतात.
तिथे, गराडूच्या गाडीपाशी
मी अप्पांना कोची सांगत होते.
थंडी होती. मफलर कानांवरून घेतलेला,
म्हणजे निम्मंच ऐकू जात असणार.

अहिल्यानगरी, स्लीपर, वरचा बर्थ.
आईने दशम्या दिल्या, पाण्यात भिजवलेल्या;
"म्हणजे या दशम्या नव्हेतच," हेही डबा भरताना म्हणाली.
पोतनीसकाकू वीगनला अजून बैंगन म्हणतात
आणि मला जेवायला बोलावलं की
भरली वांगी करतात, प्रेमाने,
वरून तुपाची धार.

खाट साडेतीनशे रुपये, एका खोलीत बारा जण.
खालच्या खाटेवरची मुलगी झोपेत
कुठल्यातरी भाषेत भांडायची.
सकाळी पुट्टू आणि काळे चणे, चाळीस रुपये.
सहा रुपयांत बोट, पलीकडे आणि परत.
जिथे आत जायला तिकीट होतं
तिथल्या मी बाहेरच्या भिंती पाहिल्या,
चारशे वर्षांचा चुना, सुंठीच्या गोदामांचा वास,
तो फुकट होता, पोटभर घेतला.

आणि प्रत्येक टपरीवर आधी ते दोन शब्द,
गाडीत एका नर्सने शिकवलेले,
ती पालक्काडला उतरली:
पाल वेंडा. दूध नको.

"पाल?" अप्पा म्हणाले,
"ती कोणाला हवी असते?"
गराडूवाल्याला मराठी अर्धीमुर्धीच कळते,
तोही हसला, जीरावन जरा जास्त पडलं.

पुढचं मी सांगितलं नाही.
किनाऱ्यावरची ती चिनी जाळी,
आडव्या लाकडांना दोर, दोरांना दगड.
उचलायला पाच माणसं लागतात,
त्या दिवशी चारच होती.
झेव्हियर नावाच्या म्हाताऱ्याने मला हात केला
आणि मी दोर धरला, विचार न करता,
जसा लहानपणी पहाटे साडेचारला
रामबागेच्या बूथवर
अप्पांच्या क्रेटचा दुसरा कान धरायचे.

जाळं वर आलं.
मूठभर मासे, एक खेकडा, बाटलीचं बूच.
मासे उडत होते, मग उडत नव्हते.
पाचवा हात म्हणून त्याने दोन माझ्यापुढे केले.
मी म्हटलं, पाल वेंडा.
तेवढंच येत होतं.
तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला,
मग मासे परत टोपलीत टाकले,
हलकेच, जणू ते दुखावतील.

एकतीस वर्षं दूध विकलं अप्पांनी.
मी सोडलं तेव्हा काही बोलले नाहीत,
फक्त पहाटे निघताना
मला हाक मारायचे, ते थांबवलं.
कोचीला निघाले त्या दिवशी मात्र
पाचशेची नोट हातात कोंबली,
बूथच्या गल्ल्यातली, त्या सगळ्याच
कायम थोड्या ओलसर असतात.
ती मी मोडली नव्हती.
पाकिटात पाठीमागे ठेवून
सहा दिवस केळी खाल्ली.

आता तीच काढून त्यांना रबडी घेतली.
पावशेर. त्यांनी आधी सायीचा थर
चमच्याने उलटून पाहिला, नजरेनं तपासला,
मग खाल्ली. मी गराडूवर लिंबू पिळत होते.
निम्मी वाटी झाल्यावर म्हणाले,
"तिकडे दूध कसं लिटर?"

मला माहीत नव्हतं.
सहा दिवस, कितीतरी टपऱ्या,
सगळीकडे नको म्हणून आले,
भाव विचारायचा राहिलाच.

"विचारायचं की गं," अप्पा म्हणाले
आणि एका कानावरचा मफलर वर केला.